तीन दिवसांत पेपर स्वीकारला गेला, तिथेच थांबायला हवं होतं

मी कुठल्या विद्यापीठात नाही, मला गाइड नाही, डिपार्टमेंट नाही. नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या पत्रव्यवहारावर काम करत चार वर्षं काढली, त्यातून एक पेपर झाला. दोन चांगल्या जर्नल्सनी नाकारला, त्यातल्या एकाने तर सात महिने ठेवून घेऊन दोन ओळींत नाही कळवलं. त्याच आठवड्यात ईमेल आला, तुमचं संशोधन वाचून आम्ही प्रभावित झालो, पुढच्या अंकासाठी पेपर पाठवा. माझं तोवर एक अक्षर छापलेलं नव्हतं, मग यांनी वाचलं काय? हे मला तेव्हा सुचलंच नाही, कारण कुणीतरी आपणहून विचारतंय याचंच इतकं बरं वाटलं होतं.

साइटवर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळतो तो क्रमांक होता, इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो ते दाखवणारा आकडा होता, संपादक मंडळात वीसेक प्राध्यापक फोटोंसकट. सोमवारी पाठवला, गुरुवारी स्वीकारला. रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांनी पेपर तपासून दिलेला अभिप्राय, म्हणून जे आलं ते एवढंच: विषय चांगला आहे, भाषा एकदा तपासा. नंतर मीच नीट वाचायला घेतला तर दुसऱ्या तक्त्यात शेवटच्या रकान्याची बेरीज चुकलेली, जी कुणीही पेन घेऊन बसला असता तर पाच मिनिटांत सापडली असती. म्हणजे पेपर कुणी उघडलासुद्धा नव्हता. फीचं नाव तोपर्यंत काढलं नव्हतं, ते स्वीकारल्याच्या पत्रात आलं, दोन दिवसांत भरा म्हणून. भरली, कॉपीराइटचा फॉर्मही सही करून दिला. पेपर ऑनलाइन आला तेव्हा माझं आडनाव चुकलेलं आणि निम्म्या तळटीपा गायब.

मग मंडळातल्या एका प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की माझं नाव तिथे न विचारता टाकलंय, काढा म्हणून मी कधीपासून सांगतोय.

पैसे गेले त्याचं फार नाही हो, पेपर गेला याचं आहे. मागे घेते म्हटलं तर मागे घ्यायची वेगळी फी मागितली, आणि दुसऱ्या जर्नलला सगळं खरं सांगून विचारलं तर तिथल्या संपादकांनी सभ्यपणे कळवलं की आधी प्रसिद्ध झालेलं आम्ही घेत नाही. त्यांचं बरोबरच आहे.

आता जे कळलंय ते सांगते. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, आठ अंकी, तो देताना दर्जा कुणी तपासत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या यादीतला, बाकी नावं मिळतीजुळती ठेवून आकडे विकणारे पुष्कळ आहेत. डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सची यादी), स्कोपस (संशोधन लेखांची मोठी सूची), कोप (प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठीची संस्था) असे लोगो साइटवर कुणीही चिकटवू शकतं, म्हणून त्या-त्या संस्थेच्या साइटवर जाऊन जर्नलचं नाव शोधा, आयएसएसएन जुळतो का बघा, आणि साइटचा पत्ता अक्षर न अक्षर ताडून बघा कारण खऱ्या जर्नलच्या नावाने खोटी साइट काढलेलीही असते. फी घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं, पण फी किती ते आधीच उघड लिहिलेलं असतं, आणि लेखकाकडून काहीच न घेणारी चांगली जर्नल्सही आहेत. आपण एकटे फसलो असंही समजू नका, 2013 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुका भरलेला खोटा पेपर 304 जर्नल्सना पाठवला होता, त्यातल्या 157 नी तो स्वीकारला.

तुमचा पेपर आत्ता असाच कुठे स्वीकारला गेला असेल आणि सही झाली नसेल, पैसे भरले नसतील, तर आजच मागे घेत असल्याचा ईमेल टाका आणि त्याची कॉपी जपून ठेवा, पुढच्या संपादकांना दाखवायला लागेल. मी सही करून बसले होते. माझा पेपर अजून तिथेच आहे, चुकीच्या आडनावाने.