पॅनेल गेलंय म्हणणाऱ्यासमोर आधी टॉर्च धरा

९,८५० रुपये. व्हिजिट ४५०, पॅनेल (चित्र उमटतं तो पडदा) ७,९००, फिटिंग १,२००, न्यायचे-आणायचे ३००. एका ३२ इंची टीव्हीसाठी! यात थोडे घातले असते तर नवा आला असता, हे आता घरातलं प्रत्येक जण मला ऐकवतं. "उद्या मॅच आहे, लवकर बघा काय ते" म्हणणारेही हेच होते.

बिघाड असा: टीव्ही लावला की लोगो क्षणभर चमकायचा, मग पडदा काळा. आवाज व्यवस्थित, चॅनेलही बदलायचे. वॉरंटी संपलेली. नेटवर कंपनीचं नाव टाकलं, सगळ्यात वर आला तो कस्टमर केअर नंबर लावला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नेटवर असले खोटे नंबर असतात हे मलाही माहीत होतं हो. बँकेचा नंबर मी पासबुकावरूनच घेतो. पण टीव्हीच्या मेकॅनिकसाठी कोण एवढं बघतं?

आलेल्या पोराच्या गळ्यात कंपनीचं कार्ड. टीव्ही उघडलासुद्धा नाही. रिमोट दोनदा दाबला आणि म्हणाला, "पॅनेल गेलं काका, वर्कशॉपला न्यावं लागेल."

पॅनेल धडधाकट होतं. पडद्यामागून उजेड देणाऱ्या (बॅकलाइटच्या) एलईडी पट्ट्या बहुतेक सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. एक एलईडी उडाला की अख्खी लाइन बंद, आणि ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारं सर्किट, बचावासाठी स्वतःच बंद होतं. म्हणून ती क्षणभराची चमक. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, दोष बॅकलाइटचा. हे त्या पोराला माहीत नव्हतं असं समजू नका.

आता जे आठवलं की अजून डोकं फिरतं ते. टीव्ही परत आला, भिंतीवर चढला, चित्र झकास. खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा, नातवाने खेळण्यातली गाडी आपटली होती त्याचा. मी त्यावरून बोटसुद्धा फिरवलं. नवं पॅनेल आणि ओरखडा जुना! पण समोर तो क्यूआर कोड धरून उभा, मॅच सुरू झालेली, घरातले टाळ्या वाजवतायत. अशा वेळी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडतो?

काही महिन्यांत पुन्हा काळोख. या वेळी गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकने माझ्यासमोर उघडला. पॅनेलवर कंपनीचाच जुना स्टिकर, आणि पट्टीवरच्या जळालेल्या एलईडीवर तारेचा तुकडा डाग देऊन चिकटवलेला. एवढंच काम झालं होतं! त्याने सगळ्या पट्ट्या बदलून १,१०० घेतले. वर सांगितलं, सेटिंगमधला बॅकलाइट १०० वर ठेवू नका, उष्णतेने एलईडी लवकर जातात.

चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वखुशीने पैसे दिले, काम झालं, टीव्ही चालला. यात गुन्हा कुठाय? दिवाणी बाब आहे." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर पोच द्यायला शिक्का सापडेना. कंपनीला फोन केला: तो आमचा माणूस नाही. मग तुमच्या नावाचं कार्ड घालून फिरतो त्याचं काय? तिकीट नंबर दिला, नंतर 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज. कुणाचं निवारण? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ठीक. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या पावतीवर फक्त मोबाइल नंबर, तोही बंद.

म्हणून जीएसटी नंबर आणि पत्ता छापलेलं बिल हातात पडेपर्यंत पैसे सोडू नका. टीव्ही नेणार असेल तर मागचा सिरीयल नंबर आणि पडद्यावरचे डाग-ओरखडे यांचे फोटो त्याच्यासमोर काढा. बदललेला पार्ट परत मागा. "जुनं पॅनेल कंपनीत जमा होतं" म्हणाला की तिथेच दार दाखवा.