नववीतल्या मुलींच्या ड्रेसला खिसा शिवून देणारं मंडळ: पाचपैकी चार तारे

हॉटेलात डोसा गार आला तर लोक तावातावाने चार परिच्छेद लिहितात. एखाद्या मंडळाने गरीब मुलांना पंधरा दिवसांत उसवणारी दप्तरं वाटली तर मात्र कुणी ब्र काढत नाही. फुकट तर दिलंय, मग बोलायचं कशाला? पण ते फुकट घेणाऱ्याला असतं, देणगी देणाऱ्याने त्याचे पैसे मोजलेले असतात. त्यातले थोडे माझेही असतात, म्हणून हे परीक्षण.

मंडळ ठाण्यातलंच आहे. काम मुख्यतः वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर या पट्ट्यातल्या मुलांसाठी. नाव लिहीत नाही, कारण टीकाही करणार आहे आणि माझी थोरली जाऊ त्यांच्या कार्यकारिणीत आहे. दिवाळी आम्हाला एकत्रच करायची असते.

माझी ओळख एवढीच, की कोपरीत घरच्या घरी शाळेचे गणवेश शिवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मे महिना आला की घरभर खडूची पूड आणि कपड्याचे ताके, झोपायला जागा नाही. आता शिवणकाम बंद केलंय. पण जाऊबाई म्हणाल्या, "अगं, डोळे गेले असतील, हात तर आहेत ना? माप घ्यायला चल." तेव्हापासून मी मंडळाची माप घेणारी बाई. सभासद म्हणाल तर बँकेतून निवृत्त झालेले तीन-चार काका, दोन शिक्षिका, एक मेडिकलवाले आणि घोडबंदर रोडची काही आयटीतली मुलं. ही मुलं शनिवारी रात्री उशिरापर्यंत काम करून रविवारी सकाळी टेम्पो उतरवायला हजर असतात, हे सांगायला हवं.

सगळ्यात आधी त्यांनी घेतलेल्या एका निर्णयाबद्दल, कारण चारातले दोन तारे त्याचेच आहेत. पूर्वी हे मंडळसुद्धा इतरांसारखंच पहिली ते चौथीच्या मुलांना वह्या-पुस्तकं द्यायचं. लहान मुलं गोंडस दिसतात, फोटो छान येतो, देणगीदार खूश. मग एका बैठकीत मंडळातल्या शिक्षिका ताईंनी साधा प्रश्न विचारला, "यांना पुस्तकं आपण कशाला देतोय? ती तर शाळेतच मिळतात."

खरं आहे ते. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा, लागू झाला एप्रिल २०१० पासून, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. दुपारचं जेवण आठवीपर्यंत. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत गणवेशही आठवीपर्यंत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन गणवेशांचे सहाशे रुपये, म्हणजे एकाला तीनशे. तीनशेत कापड, शिलाई, बटणं सगळं बसवायचं! ज्याने तो आकडा ठरवला त्याने कधी काज करून घेतलं नसावं. पण निदान काहीतरी मिळतं.

आणि मग मूल नववीत जातं. पुस्तकं विकत, गणवेश विकत, खिचडी बंद. वय चौदा-पंधरा, म्हणजे हाडं वाढायचं आणि भूक लागायचं वय. घरात बाप रिक्षावर किंवा नाक्यावर, आई दोन-तीन घरची धुणीभांडी करणारी. अशा घरात जून महिन्यात हा सगळा खर्च एकदम येऊन पडतो, तेव्हा "बारका शिकू दे, तू कामाला लाग" हे वाक्य नववीतल्या मुलीला ऐकवलं जातं. मी ते माझ्या समोर ऐकलेलं आहे. मंडळाने ठरवलं की यापुढे आपण फक्त नववी-दहावी धरायची. त्या वर्षी देणग्या घटल्या, असं खजिनदार काका सांगतात. दाढी-मिशा फुटू लागलेला पोरगा दप्तर घेताना कुणाला गोड दिसत नाही. तरी त्यांनी निर्णय बदलला नाही, याबद्दल माझा त्यांना नमस्कार.

आता कपड्यांकडे. बहुतेक ठिकाणी वाटपाचा गणवेश तयार घेतात: लहान, मध्यम, मोठा. मुलाला गर्दीत हात लावून बघतात आणि एक गठ्ठा हातात ठेवतात. हे मंडळ मे महिन्यात माप घेतं. वस्तीतल्या समाजमंदिरात टेबल टाकायचं, मुलींसाठी वेगळ्या खोलीत बाईच हवी, पडदा हवा. माप घेणं म्हणजे टेप गुंडाळणं नव्हे. टेप लागली की मूल श्वास रोखून उभं राहतं, पोरी खांदे पुढे आणतात आणि पोट आत ओढतात. तसंच माप लिहिलं की ड्रेस छातीत अडकलाच. मी त्यांना वर्गशिक्षकांबद्दल विचारते. सर कसे आहेत, मारतात का, गणित कोण शिकवतं. बोलायला लागलं की श्वास सुटतो, मग माप घ्यायचं. शिवाय छातीला दोन बोटं सैल, उंचीला दुमड दोन इंच जास्त, म्हणजे दहावीत दुमड सोडून तोच कपडा घालता येतो. हे मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. "शिलाई वाढेल" म्हणून कुरकुर झाली नाही.

आणि खिसा. लोकमान्यनगरमधली एक मुलगी माप देताना अगदी हळू म्हणाली, "मावशी, खिसा ठेवाल का? टीएमटीच्या बसचे सुटे पैसे हातात धरून जाते मी." मुलींच्या पंजाबी ड्रेसला खिसा ठेवायचा हे आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं, म्हणजे आम्हा शिवणाऱ्यांच्याही. बैठकीत विषय निघाला तर एक काका म्हणाले, "मोबाइल ठेवतील त्यात." शिक्षिका ताई म्हणाल्या, "ठेवू देत, असेल तर." झालं, ठरावात खिसा मंजूर. आता सगळ्या कमीजांना उजव्या शिवणीत खिसा असतो, वीतभर खोल.

आणखी एक गोष्ट, जी वाटपाच्या यादीत कधीच नसते: आतले कपडे. वर नवा कोरा गणवेश आणि आत जीर्ण झालेली स्लिप, हे मी माप घेताना किती वेळा पाहिलंय. पुरुषांच्या बैठकीत हे बोलायचं कसं? जाऊबाईंनी मार्ग काढला. यादीत "पूरक कपडे" असं लिहिलं, खरेदी तिघी बायकांनी केली, आणि बंद पिशवीत गणवेशाच्या घडीच्या आत ठेवलं. कुणाचं भाषण नाही, कुणाचा फोटो नाही.

इथपर्यंत सगळं कौतुक झालं. आता दप्तरं.

दप्तर कसं बघायचं ते सांगते, तुम्हीही कुठे देणार असाल तर उपयोगी पडेल. पट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो तिथे चौकोन करून मध्ये फुली मारलेली शिवण हवी. एकच सरळ टीप असेल तर ओझ्याने ती उसवणारच. चेन दोनदा-चारदा झटक्याने ओढून पाहायची. तळाला दुहेरी कापड हवं, कारण वर्गात दप्तर फरशीवर असतं आणि पावसाळ्यात ती फरशी ओली. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको असं २०२०च्या दप्तर धोरणात आहे. चाळीस किलोच्या मुलाला चार किलो. मग रिकामं दप्तरच जड असून कसं चालेल?

मंडळाला एका प्रायोजकाने दप्तरं दिली. तळ चांगला, चेन ठीक, पण पाठीवर त्या प्रायोजकाचं नाव आणि फोन नंबर, पिवळ्या अक्षरांत, पार डबलडेकरवरच्या जाहिरातीएवढं. जुलैत मी किसननगरला गेले तेव्हा एका मुलीने त्यावर काळ्या कापडाचा तुकडा शिवलेला पाहिला, हाताने घातलेली कच्ची टीप. एका मुलाने पेनाने अक्षरं गिरगटून टाकली होती. विचारलं तर म्हणाला, "वर्गात सगळ्यांना कळतं ना, कुठून आलं ते." नववीतल्या मुलाला गरिबीपेक्षा ती दिसण्याचा त्रास जास्त होतो. मी हे कार्यकारिणीत सांगितलं. खजिनदार काका अडचणीत, कारण प्रायोजक नाव लावल्याशिवाय पैसे देत नाही. शेवटी तडजोड झाली: नाव आतल्या खणाच्या झाकणावर, दोन बोटं रुंद पट्टीत. पुढच्या खेपेला प्रायोजक बदलला, हेही प्रामाणिकपणे सांगते. तो जुना पुन्हा आला नाही.

एक तारा मी कापलाय तो समारंभासाठी. सकाळी दहाची वेळ दिलेली, पाहुणे पावणेबाराला. तोवर मुलं सभागृहात, पंखे अर्धे बंद, पुढच्या दोन रांगा पदाधिकाऱ्यांना राखीव. मग दीपप्रज्वलन, मग प्रत्येकाला नारळ-शाल-पुष्पगुच्छ, मग "आजची मुलं उद्याचं भविष्य". मुलांना एकेक करून मंचावर बोलवायचं, पाहुणे दप्तराचा एक पट्टा धरणार, मूल दुसरा, आणि फोटोवाला म्हणणार, "इकडे बघ, हस." तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नलवरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली ती मुलं जिथे होती तिथेच, कंटेनरमध्ये वर्ग मांडून. ठाणेकरांनी इतकं जवळून पाहिलेलं उदाहरण असताना वाटपासाठी मुलांना रविवारी एवढ्या लांब का आणायचं? त्या दिवशी दोन मुलं कामावर होती म्हणून आलीच नाहीत, त्यांचे गठ्ठे कितीतरी दिवस कपाटात पडून. ज्यांना सगळ्यात जास्त गरज तीच नेमकी गैरहजर.

फोटोंबद्दल मात्र सुधारणा आहे. बालगृहातल्या मुलांचं नाव-चेहरा उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्यात मनाई आहे, हे आयटीतल्या एका मुलीने बैठकीत वाचून दाखवलं. वस्तीतल्या मुलांना तो नियम लागू आहे की नाही यावर काकांनी वाद घातला. ती म्हणाली, "काका, तुमच्या नातवाचा फोटो असा छापला तर?" आता पाठमोरे फोटो किंवा नुसते कपड्यांच्या गठ्ठ्यांचे. अहवाल जरा कंटाळवाणा दिसतो, हरकत नाही.

छत्र्या-रेनकोट वाटायचा एक जुना उपक्रम आहे तो बंद करावा असं माझं मत. वाटप स्वातंत्र्यदिनी होतं. ठाण्याचा पाऊस १५ ऑगस्टची वाट बघत बसतो का? मेमध्ये द्या नाहीतर देऊ नका. दिवाळी फराळही ठीकठाकच, चकली दरवर्षी मऊ. डोळे तपासणीचं शिबिर मात्र चांगलं. चष्मा दिल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, सैल झालेली दांडी घट्ट करून देतात, आणि तुटला असेल तर ओरडत नाहीत.

हिशेबाचं विचारलं तर खजिनदार काका वही पुढे सरकवतात. मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे, हिशेबतपासनीसाची सही असते. पावती मागा. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर आयकरात वजावट मिळत नाही, त्यामुळे धनादेश किंवा यूपीआय बरं. आणि जुने कपडे घेऊन जाऊ नका. ते घेत नाहीत, योग्य तेच करतात. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंना त्याचा राग आला होता, त्यांच्याकडे नवऱ्याच्या ऑफिसचे आठ शर्ट पडून होते.

कुणासाठी हे मंडळ? वर्षातून एकदा पैसे देऊन विसरायचं असेल तर आहेच, पैसे जागेवर जातात. पण त्यांना खरी गरज हातांची आहे. पुस्तकांच्या याद्या शाळेशी ताडून बघणारं कुणीतरी हवं, गैरहजर मुलांच्या घरी गठ्ठा पोचवणारं कुणीतरी हवं, आणि मापाला अजून निदान दोन बायका. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलं येतील, ती सहन करा. मापं मे महिन्यातल्या रविवारी सकाळी साडेआठला सुरू होतात, ऊन चढायच्या आत. येताना आपली टेप आणा, कापडी, जुनी आणि ताणलेली नको. ताणलेल्या टेपने गेल्या वर्षी एका मुलाची कंबर दोन इंच कमी भरली होती आणि पँट परत उसवावी लागली.