क्षमा कितव्या पानावर? ख्रिस्ती कादंबऱ्यांच्या संगतीत काढलेले काही महिने

आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही. गोव्यातल्या फोंड्याची आहे. मडगावच्या एका मैत्रिणीने पावसाच्या तोंडावर पिशवीभर इंग्रजी कादंबऱ्या आणून दिल्या आणि वर बजावलं, "हें वाच, पूण रातचें न्हय." अत्याचार, पोर गमावणं, धर्म सोडायची सक्ती, सगळे विषय असेच. आता दिवाळीही उलटली. बाकीची पुस्तकं परत गेली, एक अजून माझ्याकडेच आहे.

अशा कादंबरीला मी आता एकच कसोटी लावते: दुखावलेल्या माणसाकडून क्षमा कितव्या पानावर वसूल होते?

'द शॅक' (2007) इथे मार खाते. लहान मुलीचं अपहरण, खून आणि बापाचा देवावरचा राग, हा भाग अंगावर येतो. मग बापाला, जिथे तिचा खून झाला त्याच खोपटात देव भेटतो, तोही चक्क स्वयंपाक करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईच्या रूपात (ही कल्पना मला फार आवडली). पण एका वीकेंडमध्ये गाडी खुन्याला क्षमा करण्यापर्यंत पोचते. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा वाचताना चिडले.

'रिडीमिंग लव्ह' (1991) थोडी जास्त सोसते. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या हंगामात वेश्याव्यवसायात अडकलेली, लहानपणीच विकली गेलेली एंजल, आणि बायबलमधल्या होशेयाच्या (बेइमान बायकोला पुन्हा जवळ करणाऱ्या संदेष्ट्याच्या) धर्तीवर तिच्याशी लग्न करणारा मायकेल. ती पुन्हापुन्हा पळून जाते, ते पटतं. जिने प्रेम फक्त पैसे मोजून घेतलेलं पाहिलंय, ती चांगुलपणाला घाबरणारच. मायकेल मात्र माणूस कमी, आदर्श जास्त.

ठेवून घेतलं ते शूसाकू एन्डो यांचं 'सायलेन्स' (1966). सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी. आपल्या गुरूने धर्म सोडला ही बातमी खरी का, हे पाहायला रॉड्रिग्ज हा पोर्तुगीज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री) निघतो आणि वाटेत गोव्यात उतरतो. पुढे तुरुंगातली ती रात्र. अंधारात कोणीतरी घोरतंय. पहारेकरी ढाराढूर झोपलाय असं वाटून रॉड्रिग्जला हसू येतं. ते घोरणं नसतं. खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी कण्हत असतात. रक्त थेंबथेंब गळावं आणि मरण लवकर येऊ नये म्हणून त्यांच्या कानामागे चीर दिलेली असते. त्यांनी धर्म केव्हाच सोडलाय, तरी पाद्री ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देत नाही तोवर त्यांची सुटका नाही. पाय दिला तरी त्याचा धर्म गेला, नाही दिला तरी गेला.

आणि किचिजिरो! पुन्हापुन्हा दगा देतो, पुन्हापुन्हा कुमसार करायला, म्हणजे पाद्रीपुढे पापाची कबुली द्यायला, परत येतो. त्याची किळस येते आणि मोठ्या मनाच्या सगळ्या पात्रांपेक्षा तोच खरा वाटतो. छळाच्या काळात दुबळा जन्माला आलो हा माझा गुन्हा का, हे त्याचं गाऱ्हाणं कोणालाही खोडून काढता येत नाही.

फोंड्यात बसून हे वाचण्याला आणखी एक पदर आहे. आमचे देवच इथे घर सोडून आलेले: मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने. 1560 मध्ये गोव्यात सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. म्हणजे तिकडे ज्यांचे पाद्री खड्ड्यात टांगले जात होते, त्यांचीच धर्मसत्ता इकडे लोकांना तसल्याच पेचात धरत होती. मैत्रिणीशी हे बोलले तर ती एवढंच म्हणाली, "आमच्या पूर्वजांनी काय सोडलं, ते आमच्या घरात कोणी विचारत नाही." तिचा रोष वाटला नाही. विषयही पुढे गेला नाही.

मराठीत हा प्रकार नवा नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857), जिला बरेच जण मराठीतली पहिली कादंबरी मानतात, ती याच जातीची. उपदेश ओतप्रोत, कथानक कसंबसं. पण केशवपन झालेल्या विधवांचे हाल आजही नीट वाचवत नाहीत.

कोणाला काय द्यावं? दुःख ताजं असलेल्याला 'सायलेन्स' देऊ नका, झोप उडेल. ओळखीच्या एका बाईंचा मुलगा गेला, त्यांनी 'द शॅक' दोनदा वाचलं आणि मला ज्या जागी राग आला, नेमक्या तिथेच त्यांना धीर आला. आता त्या 'सायलेन्स' मागतायत. मी अजून दिलेलं नाही.