घरात मांजर आहे: रेबीजची लस आधीच घ्यावी की ओरखडल्यावर?

मांजर पाळलं की हातावर ओरखडे आलेच, त्यावर वेगळं काही सांगायला नको. ठरवायचं असतं ते एवढंच: रेबीजची लस आधीच घेऊन मोकळं व्हायचं, की नख किंवा दात लागला की तेव्हा दवाखाना गाठायचा. आमच्या एकाच घरात दोन्ही प्रकार झाले आहेत. बायकोने ओरखड्यानंतरचा कोर्स पूर्ण केला. मी दुसरं पिल्लू घरात यायच्या आधीच टोचून घेतलं. त्यामुळे दोन्हींचा त्रास जवळून पाहिलाय. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर त्यांचंच ऐका.

आधी घ्यायची असेल तर पहिल्या दिवशी एक (डॉक्टर त्याला शून्यावा दिवस म्हणतात), सातव्या दिवशी एक आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी एक. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली यातली पहिली दोनही पुरतात असं सांगितलं, पण आपल्याकडे बरेच डॉक्टर तिसरीचा आग्रह धरतात. मीही तीन घेतल्या. नंतर घ्यायची तर दंडात एकेक घेत शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. किंवा सरकारी पद्धतीने दोन्ही दंडांवर कातडीत थोडी थोडी, शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शनं आता कुणी देत नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि भारतात ती बंद होऊनही वीस वर्षं उलटली. आमच्या शेजारच्या आजींना हे अजून पटलेलं नाही.

सुया मोजल्या तर फरक फार नाही. खर्चात मात्र नंतरची बाजू वरचढ आहे. चावल्यावर, ओरखडल्यावर सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात लस फुकट मिळते. ‘मांजर पाळतोय, आधीच द्या’ म्हटलं तर सहसा मिळत नाही, कारण तो साठा चावलेल्यांसाठी असतो. मग खासगीत जायचं, लस विकत घ्यायची, टोचायचे पैसे वेगळे. चार माणसांचं घर असेल तर हा आकडा डोळ्यावर येतो.

शिवाय घाबरवायचं म्हणून घाबरवू नये. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो. घराबाहेर कधी न गेलेलं, दरवर्षी लस टोचलेलं मांजर आणि गल्लीत आठ-आठ दिवस मुक्काम ठोकून परतणारा बोका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारचं एकच, वयस्कर, शांत मांजर असलेल्या माणसाने मला विचारलं, तर ‘एवढी घाई नाही’ असंच मी म्हणेन.

तरीही माझं पारडं आधीच्या बाजूला झुकलं, ते एका कटकटीमुळे. ‘रक्त आलं होतं का?’

ओरखड्याचे नियम या एका प्रश्नावर फिरतात. कातडी शाबूत असताना नुसतं चाटलं, तर काही करायचं नाही. उघड्या कातडीवर हलकं चावलं किंवा रक्त न येता खरचटलं, तर लस. कातडी फुटून रक्त आलं, आधीच्या जखमेवर चाटलं, लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर लस अधिक सीरम (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, लस काम करू लागेपर्यंतची ढाल). कागदावर सरळ वाटतं. रात्री ट्यूबलाइटखाली बायकोचा हात धरून बसल्यावर ते सरळ राहत नाही. आई म्हणत होती, रक्त कुठलं, नुसती लाल रेघ आहे. मुलीने मोबाइलचा टॉर्च लावून सांगितलं की दोन ठिपके आहेत. बायको म्हणाली, नळाखाली धरला तेव्हा पाणी गुलाबी झाल्यासारखं वाटलं. मी दाबून पाहू का म्हणालो, तर तिघींनी मला गप्प केलं, आणि ते बरोबरच होतं. जखम दाबायची, पिळायची नसते. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला, आणि आमच्या घरातून त्याची तीन उत्तरं गेली.

डॉक्टरांनी कातडी फुटली आहे असं धरलं. धरायलाच हवं, शंका असेल तेव्हा वरच्या पायरीवर जाणं हीच रीत आहे. मग सीरमची शोधाशोध. लस जवळपास कुठेही मिळते, सीरम मात्र प्रत्येक ठिकाणी नसतं. त्या खासगी दवाखान्यात नव्हतं, पुढच्या ठिकाणी ‘उद्या मागवतो’ म्हणाले, आणि शेवटी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मिळालं. तिथल्या माणसांनी नीट केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सीरम दंडात देत नाहीत, जखमेच्या आत आणि कडेने टोचतात. वजनावर मात्रा ठरते: माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोला 20 युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर 40. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशिल्डही आहे, म्हणजे रक्ताऐवजी प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं, त्याची मात्रा किलोला 3.33 युनिट. नाव काही असो, सुई जाते जखमेतच. बायकोचा ओरखडा बोटावर होता. बोटाच्या टोकाला मुळात मांसच किती, त्यात औषध भरायचं. ती सहसा ओरडणारी बाई नाही.

आधी लस घेतलेल्याला हे सीरम लागत नाही. पुढे कधी चावलं, ओरखडलं, तर त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक, एवढ्या दोनच लसी. रक्त आलं असो वा नसो, सीरम नाही. घरात वाद व्हायचे ते होतात अजूनही, पण आता माझ्या बाबतीत त्यावर काही अडून राहत नाही. उत्तर काहीही आलं तरी मला करायचं तेच आहे. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बायकोही आज त्याच जागी आहे. ओरखड्यानंतरचा कोर्स पूर्ण झाला की तोही पुढच्या वेळेसाठी धरला जातो. तिलाही यापुढे दोनच लसी, सीरम नाही. म्हणजे ‘नंतर’ निवडणाऱ्याचं कायमचं काही हुकत नाही. फक्त पहिल्या वेळची धावपळ आणि ती बोटातली सुई त्याच्या वाट्याला येते. कुणाला ते चालत असेल तर चालू दे. घरात लहान मूल असेल तर मी मात्र नाही म्हणेन. मुलं मांजराशी तोंडाला तोंड लावून खेळतात, ओरखडा गालावर, पापणीजवळ येतो, आणि तिथे सीरम टोचताना मुलाला धरून बसायचं काम आईबापांचं असतं. शिवाय लस तीच असल्याने रस्त्यावरच्या कुत्र्यासाठीही ती कामी येते, आणि आपल्या शहरांत ती बाब मांजरापेक्षा मोठी आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. केमो चालू आहे, अवयव बदललाय, रोज स्टिरॉइड्स चालू आहेत अशांना आधी लस घेतली म्हणून दोन टोचण्यांवर सोडत नाहीत. त्यांना पुन्हा पूर्ण कोर्स आणि सीरमही लागतं.

दोन्ही बाजूंना जे सारखंच आहे ते नळाखाली आहे. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो, म्हणून हा उपचार साधा दिसला तरी खरा आहे. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे घड्याळ लावल्यावर कळतं. बहुतेक लोक दोन मिनिटांत हात पुसून मोकळे होतात. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट काही नाही. पट्टी करकचून बांधायची नाही, टाके घालायची घाई नाही. टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर ते विचारून घ्या. आणि मांजर दहा दिवस नजरेसमोर राहील असं बघा. ते ठणठणीत राहिलं तर राहिलेल्या लसींत काही सूट मिळते का, हे डॉक्टर सांगतील. पण दहा दिवस वाट बघून मग पहिली लस घेऊ, असं मात्र करायचं नाही.

लस, मग ती आधीची असो वा नंतरची, फक्त रेबीज बघते. मांजराच्या बाबतीत रोज घडणारा त्रास वेगळाच असतो. चावा दिसायला टाचणीएवढा, पण दात बारीक आणि अणकुचीदार, खोल जातो आणि वरून भोक बुजतं. आत पाश्चुरेला नावाचे जंतू कोंडले की बारा ते चोवीस तासांत हात टरारतो, ठणका लागतो. बोटाच्या सांध्यावर किंवा मनगटाजवळ चावलं असेल तर मी सकाळपर्यंतही थांबत नाही. बोट वाकत नाही, लाली वर सरकतेय, ताप भरला, यांतलं काहीही दिसलं की तो घरी बघण्याचा प्रकार राहत नाही. डॉक्टर बहुधा सूज यायच्या आधीच अँटिबायोटिक देतात, आणि ते अर्ध्यात सोडू नये. ओरखड्याचं दुसरं दुखणं बार्टोनेला नावाच्या जंतूंचं: एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेला अवधाण येतं, बारीक ताप राहतो, आणि तोवर ओरखडा कुणाच्या लक्षातही नसतो. हे जंतू पिसवांमार्फत पसरतात आणि पिल्लांकडून जास्त येतात. म्हणून पिल्लाचं पिसवांचं औषध आणि नखं कापणं यावर मी लसीइतकंच लक्ष देतो.

हॅमस्टर, ससा, बजी पाळणाऱ्यांना या तुलनेत फार पडायची गरज नाही. पक्ष्यांना रेबीज होत नाही, आणि पाळीव हॅमस्टर-सशाच्या चाव्यानंतर लस क्वचितच लागते. धुणं, टीटी आणि जखमेवर नजर एवढं तिथे पुरतं.

आधीची बाजू निवडलीत तर डॉक्टरांकडून कार्ड मागून घ्या, तारखा आणि लसीचं नाव त्यावर लिहून घ्या आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवा. पुरावा नसेल तर तुम्हाला लस न घेतलेला माणूस धरतात, आणि मग पुन्हा पूर्ण कोर्स, सीरमसकट.