घोट्याचा सांधा: बदलायचा की जोडून टाकायचा?

गुडघा बदललेली चार माणसं कुठल्याही सोसायटीत सापडतात. घोटा बदललेलं माणूस शोधावं लागतं. त्यामुळे डॉक्टरांनी ‘रिप्लेसमेंट (कृत्रिम सांधा बसवणं) किंवा फ्यूजन (हाडं जोडून सांधा कायमचा बंद करणं), तुम्ही ठरवा’ म्हटलं की विचारायचं कुणाला, इथूनच अडतं.

घोटा वयापेक्षा जुन्या दुखापतीनं जास्त झिजतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठानं तपासलेल्या ६३९ रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के जुन्या फ्रॅक्चर-मुरगळीचे होते. म्हणजे ऑपरेशनची वेळ गुडघ्यापेक्षा लवकर येते, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं त्याच पायावर काढायची असतात.

पहिल्या वर्षात फारसा फरक दिसत नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. चालणं आणि उभं राहणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच सुधारलं. रिप्लेसमेंटवाल्यांना जखम भरण्याचा त्रास जास्त झाला (घोट्यावरची कातडी पातळ, खाली मांस जवळजवळ नाहीच). फ्यूजनवाल्यांपैकी शंभरात बाराजणांचं हाड नीट जुळलं नाही.

खरी तुलना सुरू होते ती पाच वर्षांनंतर. कॅनडातल्या २०१४ च्या अभ्यासात सरासरी साडेपाच वर्षांत रिप्लेसमेंटच्या १७ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करून सांधा काढावा किंवा बदलावा लागला. फ्यूजन पुन्हा करावं लागलेले ७ टक्के. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०११ पर्यंतचा हिशोब असा, की दहा वर्षांनी ६९ टक्के कृत्रिम सांधे जागेवर होते. जगभरचे अभ्यास एकत्र केलेल्या २०१३ च्या आढाव्यात हाच आकडा ८९ आहे. मी स्वीडनच्या बाजूला झुकते, कारण तिथे देशभरातल्या सगळ्या सर्जनांच्या केसेस मोजल्या जातात, निवडक हॉस्पिटलांच्या नाही. मात्र त्यातले बरेच सांधे जुन्या बनावटीचे होते, हेही धरायला हवं. आणि ‘टिकला’ म्हणजे फक्त काढावा लागला नाही. दुखत असूनही दुसऱ्या ऑपरेशनला नको म्हणणारा माणूसही त्यात धरला जातो.

मग फ्यूजनच बरं? तिथलं बिल उशिरा येतं. घोटा हलेनासा झाला की त्याची हालचाल खालच्या आणि पुढच्या छोट्या सांध्यांवर पडते. आयोवातच फ्यूजननंतर सरासरी २२ वर्षांनी २३ रुग्ण तपासले, तेव्हा त्या पायाचे शेजारचे सांधे दुसऱ्या पायापेक्षा खूपच झिजलेले निघाले. माझ्या काकांचा घोटा जोडून सतरा वर्षं झाली. सपाट रस्त्यावर कुणाला कळतही नाही. जिना उतरताना मात्र पाऊल आडवं टाकतात, आणि हल्ली घोट्याच्या खाली दुखतं म्हणून तळ गोलसर असलेला बूट घालतात. ऑपरेशनचा विषय काढला की उठून जातात.

आपल्याकडे एक गैरसमज हमखास असतो: सांधा बदलला की उकिडवं बसता येईल. नाही येत. घोटा ऑपरेशनच्या आधी जेवढा वाकत होता, साधारण तेवढाच नंतर वाकतो. कमोड दोन्ही ऑपरेशनांनंतर लागणारच. रिप्लेसमेंटचा फायदा चढ-उताराला आणि जिन्याला जाणवतो.

माझ्या मते पन्नाशीच्या आतला, वजन उचलणारा, शेतात किंवा बांधकामावर राबणारा माणूस असेल तर फ्यूजन. मधुमेहानं पाय बधिर झाला असेल तर रिप्लेसमेंटचा विचारच नको. साठी ओलांडलेली असेल, कामं बेताची असतील आणि दोन्ही घोटे किंवा शेजारचे सांधेही गेलेले असतील, तर रिप्लेसमेंटचं पारडं जड. पण मग दरवर्षी एक्स-रे काढायची तयारी हवी. कृत्रिम सांध्याभोवतीचं हाड काही न दुखता पोखरलं जातं, आणि एका जुन्या, प्रचलित सांध्यातला प्लॅस्टिकचा भाग अपेक्षेपेक्षा जास्त मोडत असल्याचा इशारा अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये दिला होता.

सर्जनला दोनच गोष्टी विचारा: वर्षाला असे किती घोटे करता, आणि हा निकामी झाला तर पुढे काय कराल? बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मग फ्यूजन’ असंच असतं, फक्त तेव्हा हाड कमी उरलेलं असतं आणि पोकळी भरायला दुसरीकडून हाड आणावं लागतं.