कॉलेज-भेटीच्या नावाखाली दिल्ली सहलीत झालेली फसवणूक

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींना घेऊन आम्ही डिसेंबरात दिल्ली-आग्र्याला गेलो होतो. एका नामांकित संस्थेतल्या प्रयोगशाळा बघायच्या, तिथल्या प्राध्यापकांशी बोलायचं आणि मग लाल किल्ला, कुतुबमिनार, ताजमहाल, असा बेत होता. हा बेत ज्या सहल-एजंटाने आणला त्याने आम्हाला फसवलं. पोलिसांत तक्रार झाली आहे, ग्राहक आयोगात प्रकरण चालू आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण सहलींचा हंगाम आला की अशी माणसं शाळाशाळांतून फाइल घेऊन फिरत असतात.

आमच्याकडची बहुतेक मुलं खानदेशातल्या खेड्यांतून एसटीने येतात. घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही, अशी कितीतरी. एका वडिलांनी कापूस विकल्यावर दुसरा हप्ता आणून दिला आणि विचारलं, "मॅडम, आमच्या पोरीला आत जाऊन बघायला मिळेल ना?" सगळा राग त्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. मुलांना ताजमहालाचं आकर्षण होतंच, पण पालकांनी पैसे काढले ते कॉलेज बघायला मिळणार म्हणून. एजंटाने नेमकी हीच नस पकडली होती. नुसत्या सहलीला पालकांनी नकार दिला असता. 'शैक्षणिक भेट' म्हटल्यावर कुणी दिला नाही.

संस्थेचं परवानगीपत्र म्हणून त्याने जे दाखवलं ते दिसायला अस्सल होतं. वर बोधचिन्ह, खाली सही, गोल शिक्का. त्या पत्राच्या आधारे त्याने प्रत्येक विद्यार्थ्यामागे वेगळी 'कॅम्पस फी' घेतली. आज ते पत्र समोर ठेवून बघते तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. त्याच्यावर जावक क्रमांक नाही. आणि उत्तरासाठी दिलेला ईमेल पत्ता कुणालाही फुकट उघडता येतो तसला आहे. सरकारी शिक्षणसंस्थांचे पत्ते सहसा 'एसी डॉट इन'ने संपतात. असं पत्र हाती आलं तर त्यावर छापलेल्या नंबरावर फोन करू नका, तो नंबर एजंटाच्याच माणसाचा असतो. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर शोधा आणि शाळेच्या ईमेलवरून स्वतः लिहून विचारा.

पहिला धक्का भुसावळ स्टेशनावरच बसला. सगळी तिकिटं कन्फर्म असल्याचं तो शेवटपर्यंत सांगत राहिला, पीएनआर मात्र गाडीच्या वेळेआधी जेमतेम दिले. एका पीएनआरवर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात, त्यामुळे तिकिटांचे बरेच तुकडे होते. त्यांतले काही कन्फर्म, काही पूर्ण प्रतीक्षायादीत. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षायादीत राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि तो प्रवासी विनातिकीट ठरतो. मोठ्या मुलांना दंड भरून नेलं, एका बर्थवर दोघं-तिघं बसवले, रात्र काढली. रद्द तिकिटांचा परतावा ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जातो, म्हणजे तोही एजंटालाच मिळाला. शिवाय ती तिकिटं वेगवेगळ्या व्यक्तींच्या खासगी आयडीवरून काढलेली होती. अशा आयडीवर तिकिटं काढून विकण्याचा धंदा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. शाळेच्या पत्रावर रेल्वेच्या आरक्षण कार्यालयाकडे गटाचं आरक्षण मागता येतं. खेटे पडतात, पण तिकीट कुणाच्या नावावर आणि कुठल्या स्थितीत आहे ते आपल्याला दिसतं.

दिल्लीतल्या लॉजबद्दल थोडक्यात सांगते. फोटोत दाखवलेलं ते नव्हतंच. मुलींच्या एका खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती आणि त्याच मजल्यावर अनोळखी माणसं उतरलेली होती. मी आणि माझ्या सहकारी मॅडम दाराला खाट लावून त्या खोलीत झोपलो. पैशांचं नुकसान भरून निघेल, पण त्या रात्री काही घडलं असतं तर कुणाला काय उत्तर दिलं असतं? मुक्कामाच्या जागेचं नाव आणि पत्ता लेखी घ्या आणि तिथे थेट फोन करून आपल्या नावाने खोल्या आहेत का ते विचारा.

संस्थेच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने यादी तपासली. आमच्या महाविद्यालयाचं नाव नव्हतं. मुलं इस्त्रीचे गणवेश घालून, वह्या हातात घेऊन ओळीत उभी. एकाने प्राध्यापकांना विचारायचे प्रश्न लिहून आणले होते, ते तो पुन्हा पुन्हा वाचत होता. एजंटाचा माणूस "आलोच" म्हणून गेला तो दिसलाच नाही. बऱ्याच वेळाने कार्यालयातल्या एक बाई बाहेर आल्या. पत्र पाहून त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे पत्र आमचं नाही, ही सही आमच्याकडे कुणाची नाही आणि शाळांच्या भेटीसाठी आम्ही फी घेतच नाही. असंच पत्र घेऊन याच हंगामात आणखी एक शाळा येऊन गेल्याचंही त्या म्हणाल्या. त्यांनी सौजन्य दाखवलं, पण आयत्या वेळी एवढ्या मुलांना आत घेणं त्यांच्या हातात नव्हतं. निघताना मी त्यांना एकच विनंती केली : हे पत्र बनावट असल्याचं आम्हाला ईमेलने लेखी कळवा. त्यांनी संध्याकाळपर्यंत कळवलं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्या ईमेलचाच झाला.

स्थळदर्शनातली लबाडी उशिरा लक्षात आली. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत लाल किल्ला सोमवारी होता आणि ताजमहाल शुक्रवारी. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, त्या दिवशी फक्त नमाजासाठी प्रवेश असतो. वर्षानुवर्षं सहली नेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं कसं मानायचं? ताजमहालाचं भारतीय पर्यटकासाठीचं तिकीट ५० रुपये, मुख्य समाधीपर्यंत जायचं तर आणखी २०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो, पण आमची मुलं त्या वयापुढची. ही रक्कम पॅकेजमध्ये धरून आधीच घेतलेली होती. दार बंद असलेल्या दिवशी नेलं की ती सगळी त्याच्या खिशात. मुलांना यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत नेऊन लांबून ताज दाखवला आणि "इथूनच खरा फोटो येतो" असं सांगण्यात आलं.

आता ज्या प्रसंगासाठी मुख्यतः हे लिहायला बसले तो सांगते. करारात शेवटचा हप्ता परत आल्यावर द्यायचा ठरला होता. आग्र्याहून परतताना यमुना एक्सप्रेस-वेवर अंधार पडल्यावर ड्रायव्हरने एका खाण्याच्या थांब्यावर बस उभी केली आणि मुलं खाऊन आली तरी सुरूच करेना. मालकाचा फोन होता : उरलेले सगळे पैसे आत्ता टाका, नाहीतर गाडी इथेच राहील. बाहेर धुकं, कडाक्याची थंडी, दोन मुलींना ताप. ११२ ला फोन करावा असं मनात आलं, पण पोलीस येतील, चौकशी होईल, बस ताब्यात घेतली तर ही मुलं रात्री जाणार कुठे? सोबत मुलं असताना शिक्षक भांडत बसू शकत नाहीत, आधी मुलं घरी पोचवतात, हे एजंटाला पक्कं माहीत होतं. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. पत्र, तिकिटं, बंद दारं, प्रत्येक ठिकाणी तो आमच्या याच अडचणीवर विसंबून होता.

पैसे पाठवले. सोबतच्या सरांनी यूपीआयच्या शेऱ्यात लिहिलं, "बस अडवून घेतलेली रक्कम, तक्रार करणार". ड्रायव्हरचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, बसच्या नंबरप्लेटचा फोटो घेतला.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात आधी ऐकवलं गेलं की हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. संस्थेचा ईमेल समोर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. बनावट पत्र दाखवून पैसे घेणं हा व्यवहाराचा वाद नव्हे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि बनावट दस्तऐवजासाठी कलम ३३६. ही कलमं तक्रारअर्जात आधीच लिहून न्या. एजंटाच्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक आम्ही जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर नोंदणी रद्द झालेली आणि नाव तिसऱ्याच माणसाचं. ही तपासणी कुणालाही फुकट करता येते, आगाऊ रक्कम देण्याआधी करा. रक्कम फर्मच्या खात्याऐवजी कुणाच्या वैयक्तिक बचत खात्यात मागितली तर तिथेच थांबा.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, एजंटाच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकवली जाते.

त्याच हंगामात फसलेल्या दुसऱ्या शाळेचा पत्ता अजून लागलेला नाही. तुमच्याकडे असं परवानगीपत्र आलं असेल तर मूळ ईमेल खोडू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. आणि पुढचा हप्ता देण्याआधी ते पत्र त्या संस्थेच्या कार्यालयाकडे पाठवून खरं आहे का ते विचारा.