नूरानी कायदा आणि बोलणारं पेन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुंब्र्याजवळच्या कौशातल्या आमच्यासारख्या कोकणी मुस्लिम घरांत मुलांची शाळा मराठी माध्यमाची आणि मकतब, म्हणजे धार्मिक शिकवणीची शाळा, उर्दूत. लेक अस्रच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर मकतबमध्ये जाते, तिथे नूरानी कायदा, म्हणजे कुराण वाचायला शिकवणारं अरबी अक्षरओळखीचं पुस्तक. घरी सरावाला म्हणून कुराणासोबत मिळणारं, छापलेल्या शब्दावर टेकवलं की तो वाचून दाखवणारं बोलणारं पेन घेतलं. त्यातही हाच कायदा आहे.

उच्चारांसाठी पेन उत्तम. आमच्याकडे से, सीन, स्वाद ही तीन वेगळी अरबी अक्षरं म्हणजे सरसकट 'स'! पेनमधला कारी (कुराण पठण करणारा) 'से' म्हणताना जिभेचं टोक दातांच्या कडेला लावतो, ते कानाला स्पष्ट कळतं. पण पेन बोलतं, ऐकत नाही. लेकीचा 'ऐन' 'अलिफ'सारखा आला तर टोकायला मकतबमधल्या शिक्षिका, आपाच हव्यात.

खरी मेहनत सुटी अक्षरं संपल्यावर. अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े, वाव ही सहा अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत. बाकीची जोडली की रूप बदलतात. शब्दाच्या मधोमध बे, ते, नून, ये यांचा नुसता दातरा उरतो, ओळखायचं ते नुक्त्यांवरून. पेनने इथे उलट नुकसान केलं. टेकवलं की अख्खा शब्द तयार, मग हिज्जे, म्हणजे अक्षर-अक्षर फोडून वाचणं, कोण करणार? लेक तख्ती (कायद्यातला धडा) घडाघडा म्हणायची, आम्ही खूश. आपांनी शेवटच्या ओळीपासून उलटं बोट ठेवत विचारलं तेव्हा गाडी अडली. पाठ झालं होतं, वाचता येत नव्हतं. तेव्हापासून नियम: आधी 'अलिफ लाम जबर अल, हा मीम जबर हम, दाल पेश दु' असे हिज्जे (जबर ही 'अ'ची खूण, पेश 'उ'ची), पेन नंतर.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याने सांगितली नाही. पेनसोबतचं कुराण मदिना छपाईचं निघालं. आपल्याकडच्या छपाईत 'अल्हम्दु'च्या अलिफवर जबर असतो. मदिना छपाईत त्या जागी स्वादचं इवलंसं डोकं. 'ये' आणि 'वाव' ओढून वाचायचे असतील तर आपल्याकडे त्यांच्यावर जज़म (स्वर नसल्याची खूण) दिसतो, तिथे काहीच नाही. "अम्मी, जबर कुठाय?" करत पोर पहिल्याच आयतीत थांबली. मोठ्यांना याचं काही वाटत नाही, पण नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला दोन्ही एकदम देऊ नका. दुकानातच उघडून बघा.

चार्जिंग बरं टिकतं, आवाज थोडा फाटतो. सध्या पेन फक्त सूरह ऐकायला वापरतो. धाकट्याचा कायदा आता सुरू होईल, त्याला जोडाक्षरं वाचता येईपर्यंत पेन कपाटात.